चर्चेच्या उंबरठ्यावरील कौल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त म्हैसूर येथील गोकुलममध्ये झालेल्या व्याख्यानाची संहिता)



गोकुलमच्या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी देशोदेशींचे विद्यार्थी योगशाळांकडे जाताना दिसतात. बहुतेकांना ओढ असते ती आसनांची. परंतु पतंजलींनी सांगितलेल्या आठ अंगांत आसनाचे स्थान तिसरे आहे. त्याआधी यम आणि नियम येतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते आसन. पण त्याला अधिष्ठान देणारी दोन अंगे नजरेआड राहतात.

कायदेमंडळाच्या कामकाजाचेही तसेच आहे. एखादे विधेयक मंजूर झाले किंवा फेटाळले गेले, एवढीच वार्ता लोकांपर्यंत पोहोचते. परंतु त्या अंतिम कौलाआधी सभागृह आणखी काही कौल देत असते. विधेयक विचारात घ्यावयाचे की नाही, ते समितीकडे सोपवावयाचे की नाही, चर्चेला किती वेळ द्यावयाचा, दुरुस्त्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या मर्यादेत स्वीकारावयाच्या, चर्चा केव्हा थांबवावयाची, असे हे प्रश्न असतात. दिसावयास ते रूक्ष आणि कारकुनी वाटतात. तथापि अनेक विधेयकांचे भवितव्य या उंबरठ्यावरच ठरलेले आहे. शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय घेण्याचे कारण असे, की हिंदुस्थानातील प्रत्येक मुलासाठी शाळेचे दार उघडू पाहणारे पहिले मोठे विधेयक याच उंबरठ्यावर अडखळले. आणि ते मांडणारा पुरुष महाराष्ट्राचा होता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याआधी एक वर्ष, मार्च १९१० मध्ये, त्यांनी याच विषयावर ठराव आणला होता आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला होता. आश्वासनातून पुरेसे काही निष्पन्न होत नाही असे दिसताच त्यांनी विधेयकाचा मार्ग धरला.

हे विधेयक आज वाचले तर त्यातील सौम्यपणाचेच आश्चर्य वाटते. सक्ती एकदम सर्व देशावर लादावयाची नव्हती. नगरपालिका किंवा जिल्हा मंडळ यांनी स्वतः इच्छा दर्शवावी, प्रांतिक सरकारची संमती घ्यावी आणि मगच आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी, अशी योजना होती. तीही जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत आधीच पोहोचले असेल, तेथेच. वयोमर्यादा सहा ते दहा वर्षांची होती. आरंभ मुलांपासून व्हावयाचा होता, मुलींचा समावेश पुढे यथावकाश करावयाचा होता. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांपेक्षा कमी असेल त्याच्याकडून फी घ्यावयाची नव्हती. खर्चासाठी स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसविण्याची मुभा होती, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा अशी गोखल्यांची अपेक्षा होती. इंग्लंडमधील १८७० व १८७६ चे कायदे त्यांच्यापुढे होते. घराजवळचे उदाहरण म्हणून बडोद्याचेही होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला होता.

विधेयक मांडल्यानंतर ते मतप्रदर्शनासाठी प्रांतिक सरकारे, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक सभा यांच्याकडे गेले. अभिप्राय आले. मग १८ मार्च १९१२ रोजी गोखले पुन्हा उभे राहिले. येथे त्यांनी कोणता प्रस्ताव मांडला, हे बारकाईने पाहावयास हवे. विधेयक मंजूर करावे, असा तो प्रस्ताव नव्हता. विधेयक प्रवर समितीकडे सोपवावे, एवढाच तो होता. समितीने एकेक कलम तपासावे, ज्या ठिकाणी भीती असेल तेथे बंधने घालावीत, खर्चाचा हिशेब मांडावा आणि मग सभागृहाने काय तो निर्णय घ्यावा, इतकीच मागणी होती. ज्याला विधेयकातील दोष दूर करावयाचे आहेत त्यानेही या प्रस्तावाला अनुकूल मत द्यावे, असे त्याचे स्वरूप होते.

दोन दिवस चर्चा झाली. महंमद अली जीना आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारखे सभासद गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारच्या वतीने शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. शिक्षणाचा प्रसार व्हावा हे सरकारला मान्य आहे, परंतु सक्तीची वेळ अद्याप आलेली नाही, आधी स्वेच्छेने शाळा वाढू द्याव्यात, पैसा अपुरा आहे, हा विरोधाचा रोख होता. काही बिनसरकारी सभासदांनाही सक्तीचे भय वाटत होते. १९ मार्च रोजी मते घेण्यात आली. प्रस्तावाच्या बाजूने १३, विरुद्ध ३८.

या आकड्यांचा अर्थ नीट लावावयास हवा. मोर्ले-मिंटो सुधारणांनंतरही त्या कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत राखलेले होते आणि सरकारी सभासदाने सरकारच्या बाजूने मत द्यावयाचे, हा तेथील रिवाज होता. म्हणजे कौल काय येणार हे चर्चेआधीच जवळजवळ ठरलेले होते. तरीही ३८ जणांनी "गरिबाच्या मुलाने शाळेत जाऊ नये" असे मत दिले, असे कोणी म्हणू शकत नव्हते. त्यांनी फक्त "हे विधेयक समितीकडे जाऊ नये" एवढेच म्हटले होते. कार्यपद्धतीच्या प्रस्तावावरील मताची खुबी इथेच आहे. मूळ प्रश्नावर उत्तर देण्याचे दायित्व त्याने टळते, परिणाम मात्र तोच साधतो. कलमवार विचार झालाच नाही. त्यामुळे विधेयकातील कोणते कलम वाईट होते, हेही कधी सिद्ध करावे लागले नाही.

गोखल्यांना हा शेवट आधीच दिसत होता. चर्चेला आरंभ करतानाच त्यांनी तसे बोलून दाखविले, आणि इंग्लंडातही कायदा होण्यापूर्वी असे अनेक प्रयत्न निष्फळ ठरले होते, याचे स्मरण करून दिले. अपयशाने सेवा करणे हेही आपल्या पिढीचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, त्यांचे निधन झाले. विधेयकाचा विषय मात्र संपला नाही.

त्याची पहिली पालवी फुटलेल्या ठिकाणांत म्हैसूरची गणना करावी लागते. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दीर्घ सेवा केलेले गृहस्थ होते. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे वारे त्यांना लागलेले होते. १९१३ मध्ये म्हैसूर संस्थानात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि निवडक भागांतून सक्तीचा आरंभ झाला. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला. कलकत्त्यात जे दार बंद झाले, ते अन्यत्र एकेक करून किलकिले होऊ लागले.

म्हैसूरचा उल्लेख झाला तर या नगरीने विधिमंडळाच्या रीतीत घातलेली भरही सांगावयास हवी. दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात, ७ ऑक्टोबर १८८१ रोजी, येथे प्रजाप्रतिनिधी सभेची पहिली बैठक भरली. हिंदी संस्थानांतील अशा प्रकारची ती अग्रगण्य संस्था. दसऱ्याच्या सुमारास गावोगावचे प्रतिनिधी म्हैसुरास यावेत, दिवाणांनी कारभाराचा वृत्तान्त सांगावा आणि प्रतिनिधींनी गाऱ्हाणी मांडावीत, असा तिचा आरंभीचा क्रम होता. मतदानाचा अधिकार नव्हता. म्हणजे बोलण्याची मोकळीक होती, कौल देण्याची नव्हती. १९०७ मध्ये संस्थानात कायदेमंडळ स्थापन झाले. त्या वेळचे दिवाण व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव, हे कुंभकोणम येथील मराठी घराण्यातले. कावेरीकाठी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी माणसांचा या राज्याच्या घडणीत असा वाटा आहे.

पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील यांच्या समितीच्या शिफारशींनंतर १९२३ मध्ये या दोन्ही सभांची फेररचना झाली. तेव्हा एक विचारपूर्वक व्यवस्था करण्यात आली. तातडीचा प्रसंग वगळता, कोणतेही विधेयक कायदेमंडळात मांडण्यापूर्वी त्याच्या सर्वसाधारण तत्त्वांविषयी प्रजाप्रतिनिधी सभेचे मत घ्यावयाचे. कलमांचा तपशील कायदेमंडळाने पाहावयाचा. अंतिम सत्ता महाराजांकडेच होती, तेव्हा तिला आजच्या अर्थाची लोकशाही म्हणता येणार नाही. परंतु "तत्त्व आधी, तपशील मागून" हा क्रम तीत स्पष्टपणे नोंदविलेला होता. कायद्याचा हेतू काय, हे सामान्य प्रतिनिधींच्या सभेत आधी सांगावे लागेल, हा नियमच राज्यकर्त्यावर एक बंधन होता.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की चर्चा जितकी अधिक तितके उत्तम, आणि चर्चेला मर्यादा घालणारा प्रत्येक प्रस्ताव संशयास्पद. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. म्हैसुरात प्रजाप्रतिनिधी सभा भरली त्याच १८८१ सालच्या आरंभी ब्रिटिश पार्लमेंटात आयरिश सभासदांनी, आयर्लंडवर दडपशाहीचा कायदा येऊ नये म्हणून, बोलत राहण्याचेच शस्त्र उपसले. ३१ जानेवारीला सुरू झालेली बैठक ४१ तास चालली आणि अखेर अध्यक्ष ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात ती थांबविली. त्यातून १८८२ मध्ये चर्चासमाप्तीचा नियम आला आणि १८८७ मध्ये ठराविक मुदतीत चर्चा संपविण्याची पद्धत आली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तर महत्त्वाच्या विधेयकापूर्वी त्याच्या चर्चेची वेळ आणि दुरुस्त्यांची मर्यादा ठरविणारा स्वतंत्र ठराव नियम समितीकडून येतो. सभागृह आधी त्यावर मत देते आणि मगच विधेयकाकडे वळते. बोलणे अखंड चालू ठेवूनही कायदा अडविता येतो, हे या व्यवस्थांमागचे कारण आहे.

त्याचा दाहक अनुभव आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आला. बी. एन. राव समितीच्या मसुद्यातून पुढे आलेले हिंदू संहिता विधेयक ९ एप्रिल १९४८ रोजी प्रवर समितीकडे सोपविले गेले. गोखल्यांना जो टप्पा नाकारला गेला होता, तो आंबेडकरांना मिळाला. समितीचा अहवाल आला. विधेयक विचारात घ्यावे या प्रस्तावावर चर्चा लांबत गेली आणि १९ डिसेंबर १९४९ रोजी तो संमत झाला. त्यानंतर कलमवार विचाराची वेळ आली आणि गाडे तेथे रुतले. विवाह, घटस्फोट, वारसा, दत्तक या सर्वांना स्पर्श करणारे ते विधेयक एकसंध घ्यावे की तोडून घ्यावे, हाच प्रश्न निर्माण झाला. सप्टेंबर १९५१ मध्ये केवळ विवाह व घटस्फोटाचा भाग घेण्याचे ठरले. त्यावरही भाषणे वाढत गेली, आणि चार कलमे संमत होतात न होतात तोच विधेयक बाजूला ठेवण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत एक कारण नेमके कार्यपद्धतीचे होते. भाषणांना वेळेची मर्यादा घालणारा आणि पुरेशी चर्चा झाल्यावर चर्चासमाप्तीला पाठिंबा देण्याचा आदेश पक्षाने आपल्या सभासदांना द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. तसा आदेश निघाला नाही. स्त्रियांच्या हक्कांना थेट विरोध करण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांनाही केवळ बोलत राहून तो करता आला. त्या विधेयकाचे विषय पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मार्गी लागले. परंतु ज्याने त्यासाठी जिवाचे रान केले त्याच्या हातून ते झाले नाहीत.

ही दोन विधेयके शेजारी ठेवून पाहावीत. एकाला पुढील चर्चा मिळाली नाही म्हणून ते संपले; दुसरे चर्चा संपेना म्हणून खोळंबले. एकात समितीचे दार बंद करणारे मत घातक ठरले. दुसऱ्यात चर्चा थांबविणारे मत घेतले गेले नाही, तेच घातक ठरले. यावरून चर्चेच्या मर्यादा ठरविणारा प्रस्ताव स्वतः चांगला किंवा वाईट नसतो, हे उघड होते. पाहावयाचे असते ते असे, की त्या प्रस्तावामुळे सभागृह मूळ प्रश्नाला सामोरे जाते की त्याला बगल देते. गोखल्यांच्या वेळी समितीला नकार देऊन बगल दिली गेली; आंबेडकरांच्या वेळी वेळेला मर्यादा न घालून बगल दिली गेली. मार्ग भिन्न, परंतु उत्तर देण्याची टाळाटाळ एकच.

स्वतंत्र भारताच्या संसदेने या दोन टोकांमध्ये समतोल साधण्याचा यत्न केला आहे. लोकसभेत विधेयक मांडल्यावर ते लगेच विचारात घ्यावे, प्रवर समितीकडे द्यावे, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे द्यावे किंवा जनमतासाठी प्रसृत करावे, असे चार प्रस्ताव येऊ शकतात. त्या टप्प्यावर तत्त्वांचीच चर्चा व्हावयाची असते. कलमे आणि दुरुस्त्या मागून येतात. कोणत्या विषयाला किती वेळ द्यावयाचा, हे सुचविण्यासाठी कामकाज सल्लागार समिती असते. लोकसभेत ही समिती १९५२ मध्ये, पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या कारकिर्दीत, अस्तित्वात आली. अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील या गृहस्थाने सभागृहाच्या अनेक रूढींचा पाया घातला. सरकार आणि विरोधक यांनी वेळेचा वाद सभागृहात न घालता आधी एकत्र बसून मिटवावा, हा त्या समितीमागील विवेक आहे. समिती आहे म्हणून विवेक आपोआप येत नाही, हेही तितकेच खरे. वेळ संपला म्हणून अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकल्या जातात, तेव्हा नियम पाळला जातो आणि त्याचा हेतू मात्र मागे राहतो.

श्रोतेहो, हा विषय दिल्ली-बंगळुरूपुरता दूरचा नाही. शाळा चालविणाऱ्या संस्थांच्या सभांना ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी येणारे एक वाक्य पाठ असेल: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." कधी कधी सभेतील सर्वांत मोठा निर्णय त्या एका ओळीत दडलेला असतो, निम्मे सभासद घरी गेलेले असतात, सूचक व अनुमोदक तयार असतात आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" हा शब्द लिहिला जातो. उलट, एखादा अडचणीचा विषय दर सभेत "पुढील सभेत विचार व्हावा" म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. साठ वर्षे जी शाळा टिकते, तिच्या कार्यकारिणीने या दोन्ही मोहांवर बऱ्याच अंशी मात केलेली असते. कोणता विषय आधी घ्यावा, तो समजून घेण्यास सभासदांना किती अवधी द्यावा, विरोधी मत नोंदवून घ्यावे की नाही, हे निर्णय ज्यांनी प्रामाणिकपणे घेतले त्यांची नावे इमारतीवर कोरली जात नाहीत. इमारत मात्र त्यांच्यामुळे उभी असते.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर या गोष्टीची विशेष गरज आहे. संख्येने थोडे असणाऱ्यांचा अंतिम मतदानात विजय होण्याची शक्यता थोडी असते. त्यांचे खरे बळ आधीच्या टप्प्यावर असते. आपला विषय पत्रिकेवर यावा, समितीपुढे म्हणणे मांडण्यास मिळावे, दुरुस्ती सुचविता यावी आणि मत नोंदले जावे, हीच त्यांची साधने. गोखल्यांच्या बाजूने केवळ १३ मते पडली, पण त्यांचे म्हणणे कामकाजात नोंदले गेले होते. पुढच्या काळात प्रांतोप्रांती कायदे झाले तेव्हा ती नोंद उपयोगी पडली. बहुमताने हरलेल्या पक्षालाही नीट ऐकून घेतले जाते, तेव्हाच त्याला पुढे जिंकण्याची आशा राहते.

विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्र वाचताना "विधेयक मंजूर" या मथळ्यापाशी थांबू नये. ते समितीकडे गेले होते काय, त्यावर किती तास बोलणे झाले, कोणत्या दुरुस्त्या आल्या आणि त्यांचे काय झाले, हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला जेमतेम एक परिच्छेद मिळत असेल. परंतु नागरिकाच्या आयुष्यात त्याची किंमत फार मोठी आहे.

ती किंमत एका हिशेबाने मोजता येईल. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्याची अंमलबजावणी करणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. समितीकडे विधेयक पाठवावयाचे की नाही, यावर कलकत्त्यात मते मोजली गेली त्या मार्च १९१२ मध्ये जे मूल सहा वर्षांचे होते, ते या दिवशी १०४ वर्षांचे झाले असते. वर्गात बसून धडा गिरविणाऱ्या प्रत्येक मुलामागे अशी कित्येक मुले उभी आहेत, ज्यांची पाळी आलीच नाही. हीरक महोत्सवाच्या आनंदात त्यांचेही स्मरण असावे.